गप्प म्हणजे ठीक

९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

तुझं पत्र बरोबर बाराव्या दिवशी मिळालं. फोन बंद होऊन वर्ष झालं, ईमेल सीमा ओलांडत नाही, आणि एकाच नदीवर खाली राहणाऱ्या सख्ख्या भावाचं पत्र तिसऱ्या देशाला वळसा घालून येतं. पण येतं मात्र बारा दिवसांत, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. आपल्या दोन्ही सरकारांपेक्षा ते टपालखातं जास्त इमानी आहे, हे माझं अधिकृत मत समज.

आमच्या प्रादेशिक सहकार्य विभागाला दुसऱ्या मजल्यावरून उठवून तळमजल्यावर, स्टेशनरीच्या कोठीशेजारी बसवलं आहे. वर आमच्या खोलीत ‘विशेष भागीदारी कक्ष’ आला. भागीदारी कुणाशी ते तू पेपरात वाचलं असशीलच. एका बड्याने आम्हाला विमानं कबूल केली, दुसऱ्या बड्याला तुमच्या सरकारने बंदर देऊन टाकलं, आणि सात शेजाऱ्यांच्या आपल्या परिषदेला कोणी वाली उरला नाही. गेल्या बैठकीला चारच देश आले. त्यातले दोघे चहा होताच उठले.

परवा शिपाई टेबलावरचे सात छोटे झेंडे खोक्यात भरत होता. मला विचारतो, “बाई, यातले फेकायचे कुठले?” मी म्हटलं, एकही नाही. “मग खोक्यावर लिहू काय?” मी सांगितलं, ‘नाजूक’ लिही.

तू म्हणशील, ताईचं रडगाणं सुरू झालं. तसं नाही रे. दीड वर्षात निवृत्त होईन, मला कोण हलवतंय? आमचे नवे सचिव म्हणतात, शेजारी निवडता येत नाहीत ही मागच्या शतकातली समजूत आहे. ऐकायला बरं वाटतं. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही.

सिस्टरबाईंना सांग, त्यांनी दिलेलं गुडघ्याचं औषध लागू पडलं. परिषदेच्या शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी गेलास आणि त्यांच्या इंजेक्शनला घाबरून कायमचा तिकडेच राहिलास. प्रादेशिक सहकार्याचं इतकं ठोस उदाहरण आमच्या एकाही अहवालात नाही. चिमीला माझे पापे. आता ती चौदाची, चालणार नाहीत तिला, तरी दे.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताई,

पत्र वाचून ही हसली. म्हणाली, इंजेक्शनला घाबरून नव्हे, इंजेक्शन चुकवण्यासाठी लग्न केलं यांनी.

आमच्याकडे नवे संचालक आलेत. माणूस भला, पण नदीवर पहिल्यांदाच आलाय. परवा पूरसूचना केंद्रात शिरले, वरून येणाऱ्या संदेशाच्या यंत्रासमोर उभे राहिले आणि विचारलं, “हे बंद पडलंय का?” मी म्हटलं, नाही साहेब, चालू आहे, म्हणूनच गप्प आहे. मग त्यांना नदीकरारातलं तुझं कलम सात समजावून सांगितलं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, किंवा पाणी हातभर वाढलं, तरच संदेश. काही नसेल तर काही नाही. गप्प म्हणजे ठीक. सव्वीस वर्षं याच नियमावर हे गाव झोपतं.

त्यांना ते पटेना. म्हणाले, आणि समजा त्यांनी पाठवलाच नाही तर? खरं सांगतो ताई, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. तुमच्या दरवाजांपासून इथवर पाण्याला नऊ तास लागतात. संदेश आला तर नऊ तास हातात. नाही आला, तर आमच्या पाणी मोजायच्या खांबावर पाणी चढताना दिसल्यापासून जेमतेम चाळीस मिनिटं. हिच्या दवाखान्याचा बाळंतीण विभाग काठालाच आहे, सतरा खाटा. संचालक म्हणतात, बर्फ वितळायच्या आत तो विभाग टेकडीवरच्या शाळेत हलवावा. शाळेत ना पाणी, ना दिव्याचा भरवसा. तरी हिचं मत हलवावं असंच आहे.

वरच्या धरणावरचा माझा जोडीदार मात्र मजेत असावा. चार वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही, पण नियम मोडून दर सोमवारी यंत्रावर बुद्धिबळाची एक खेळी पाठवतो. सध्या तिसरा डाव. त्याचा वजीर मी कोंडत आणलाय.

तू परराष्ट्र खात्यात बसतेस म्हणून सरळ विचारतो. संदेश येत राहतील ना? मोघम नको, हो किंवा नाही सांग.

तुझा ठोंब्या


१२ मार्च

चि. ठोंब्यास,

हो.

आता सविस्तर. कलम सात माझ्या अक्षरातलं आहे. तेव्हा मी विभागात नवी, मसुदे लिहून लिहून बोटाला घट्टा पडलेली. दोन्ही देशांचे दोन म्हातारे इंजिनिअर समोरासमोर बसले होते. तुमच्याकडचा म्हणाला, दिवसातून चार वेळा ‘बदल नाही’ वाचून माझे डोळे गेले. आमच्याकडचा म्हणाला, मग मी पाठवतच नाही. तुम्ही समजून घ्या. बाई, लिहा: गप्प म्हणजे ठीक. मी ते सरकारी भाषेत घातलं: ‘बदल नसल्यास संदेश पाठवण्याची आवश्यकता राहणार नाही.’ दोघांनी हात मिळवले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मसुदा तो.

त्यानंतर सीमेवर दोनदा गोळीबार झाला, एकदा दोन्हीकडचे दूतावास रिकामे झाले. एकही संदेश चुकला नाही. मंत्री येतात, जातात, पाण्याला कोणी हात लावत नाही. असली फाइल फिरली तर ती माझ्या टेबलावरून जाणार, आणि माझ्या टेबलावर तसलं काही नाही. तुमच्या संचालकांना सांग, ताईची हमी आहे. बाळंतिणींना त्या टेकडीवर चढवून बिचाऱ्यांचे हाल करू नका.

बाकी इथे सगळं वाईटच आहे. परिषदेच्या सचिवालयाची इमारत रिकामी करायला सांगितलं आहे. सात देशांचे भाषांतरकार होते तिथे, वीस-वीस वर्षं एकाच टेबलावर जेवलेले. परवा त्यांतल्या दोघी जिन्यात उभ्या राहून रडत होत्या. कोणी कोणाच्या देशात पत्र पाठवायचं आणि कुठल्या वळशाने, याची चर्चा चालली होती. मी त्यांना तुझा वळसा सांगितला.

तुझी ताई


२७ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र आलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. संचालकांना वाचून दाखवलं, अर्थात कामापुरतंच. शाळेत विभाग हलवायचा बेत रद्द झाला.

घरात मात्र रणकंदन झालं. हिने खाटा बांधायला दोर आणून ठेवला होता. मला म्हणाली, “तुमच्या ताईच्या हमीवर माझ्या बाळंतिणी काठावर ठेवू का?” मी म्हटलं, ठेव. म्हणाली, “त्या मंत्रालयात बसतात, मी काठावर बसते.” दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच दोर उचलून माळ्यावर टाकला आणि म्हणाली, बरं, ताई खोटं कशाला सांगतील.

नदी गुणी लेकरासारखी पडून आहे. अकरा तारखेपासून वरून एक अक्षर नाही. वरच्या गड्याने तर दोन सोमवार खेळीही पाठवली नाही. वजीर कोंडलाय ना, रुसून बसला असणार! मी यंत्रावर ‘हरलास का?’ म्हणून टाकलं, तरी मूग गिळून गप्प. डाव सोडला म्हणायचा आणि काय.

चिमीने तुझ्यासाठी नकाशा काढलाय, धरणापासून आमच्या घरापर्यंत. तू आणि आम्ही एकाच कागदावर मावतो हे तिला दाखवायचंय. सोबत जोडलाय.

तुझा ठोंब्या


४ एप्रिल

ठोंब्या,

तुझं उत्तर यायची वाट न पाहता लिहिते आहे. नीट वाच आणि लगेच हाल.

संदेश बंद केले आहेत. अकरा मार्चपासून. मला आज कळलं. सचिवांच्या तोंडी हुकुमावरून पाणी खात्याने बंद केले, कागद काहीच नव्हता, आणि तीन आठवड्यांनी फाइल माझ्या टेबलावर आली ती झाल्या गोष्टीला शब्द शोधायला. तुमच्या सरकारला कळवायचं नाही, असं ठरलं आहे. कळवलं तर बोभाटा होईल. न कळवता बंद ठेवलं तर बोलणी सुरू होतील तेव्हा हातात एक हुकमाचा पत्ता राहील. मी विचारलं, साहेब, कलम सातप्रमाणे आपण गप्प म्हणजे खाली ते ठीक समजतात. सचिव म्हणाले, “मग उत्तमच की. घाबरणार नाहीत.”

बारा मार्चला मी तुला हमी दिली, तेव्हा संदेश थांबून एक दिवस झाला होता. मला ठाऊक नव्हतं, पण हमी मी दिली.

यंत्र गप्प आहे त्याचा आता काहीही अर्थ नाही. धरण भरत आलं आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दरवाजे उघडावेच लागतील. तुझा जो काही माणूस असेल तो टेकडीवर बसव, रात्रंदिवस. बाळंतीण विभाग हलव. माझं नाव न घेता जमलं तर बरं, न जमलं तर घे.

‘पुराचे इशारे वगळून’ एवढे तीन शब्द त्या आदेशात घालावेत, अशी मी लगेच टिपणी लिहिली. संध्याकाळपर्यंत ते शब्द लाल पेन्सिलीने खोडून परत आले. चौदा तारखेला मंत्र्यांसमोर बैठक आहे, तिथे पुन्हा मांडणार आहे. तू त्यावर विसंबू नकोस.

हे पत्र कोणी उघडलं तर माझी नोकरी जाईल, कदाचित तेवढ्यावर भागणारही नाही. आत्ताच टाकून येते.

ताई


२ मे

ताई,

तुझं चार तारखेचं पत्र सत्तावीस एप्रिलला आलं. पाणी बावीसला आलं होतं.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या खांबावर पाणी चढताना दिसलं. भोंगा लगेच दिला. चाळीस मिनिटं सुद्धा मिळाली नाहीत, बत्तीसच. मी केंद्रात होतो, ही दवाखान्यात. सतरा खाटांपैकी चौदा बायका आणि त्यांची पोरं तिने आणि दोन आयांनी जिन्यावरून वर काढली. पंधरावी टाक्यांची होती, उठता येईना. तिला आणायला ही परत खाली गेली. आया सांगते, पाणी गुडघ्यापर्यंत होतं तेव्हा गेली, आणि मागे वळून ओरडली की कुणी माझ्या मागे येऊ नका.

तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोदामामागे सापडली. त्या बाईचा हात तिच्या हातात होता असं लोक सांगतात. मी पाहिलं तेव्हा नव्हता. लोक चांगल्यासाठी सांगत असतील.

एकूण त्रेचाळीस माणसं गेली. चिमी शाळेत होती, टेकडीवर. म्हणजे जिथे बाळंतिणी जायच्या होत्या तिथे.

तेवीस तारखेला यंत्र वाजलं, त्रेचाळीस दिवसांनी पहिल्यांदा. सगळे धावले. तुमच्या सरकारचा शोकसंदेश होता. ‘शेजारधर्माला स्मरून आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’ वरातीमागून घोडं. संचालकांनी कागद फाडून घेतला आणि माझ्या हातात दिला. तो माझ्याकडे आहे, कशाला ठेवलाय कळत नाही.

बारा दिवसांचं पत्र तेवीस दिवस कुठे होतं?

ठोंब्या


१५ मे

माझ्या बाळा,

पत्र काल आलं. उघडलं आणि त्या स्टेशनरीच्या कोठीत जाऊन, दार लावून जमिनीवर बसले. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होती रे. मला उतारवयात सांभाळायचं तिने कबूल केलं होतं. म्हणायची, तुमचा भाऊ काही कामाचा नाही, तुम्ही माझ्याकडे या.

तुझ्याजवळ यायला मार्ग नाही. व्हिसाची खिडकीच काढून टाकली आहे, तिथे आता भिंत आहे आणि भिंतीला रंग.

तो शोकसंदेश माझ्या टेबलावर लिहिला गेला. लपवून काय करू? ‘शेजारधर्म’ हा शब्द माझा. त्या दिवशी मला फक्त ‘जीवितहानी’ एवढंच ठाऊक होतं, कोणाची ते नव्हतं. मी वाक्य दोनदा घासूनपुसून नीट केलं.

पत्राचं काय झालं, मलाही समजत नाही. तिसऱ्या देशात आता सगळ्यांचंच टपाल उघडतात म्हणे. तिथेच अडून राहिलं असेल. इतकी वर्षं एक दिवस चुकलं नाही आणि नेमकं याच वेळी. आपलं नशीबच फुटकं.

तू जेवतोस का? चिमीला मी काय लिहू, सांग.

तुझी ताई


३० मे

ताई,

पाकिटावर तुमच्या मोठ्या टपाल कार्यालयाचा गोल शिक्का आहे. पंधरा एप्रिल. तिसऱ्या देशाचा शिक्का एकवीसचा. आमचा सत्तावीसचा. बारा दिवस, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

मी तुझी आधीची सगळी पाकिटं काढून पाहिली. ज्या दिवशी लिहिलंस त्याच दिवशीचा शिक्का, प्रत्येकावर. फक्त या एकावर नाही.

चार तारखेला टाकलं असतंस तर सोळाला पोचलं असतं. पुढचं गणित करायची ताकद माझ्यात नाही. तू कर.

चौकशी झाली. त्यांनी विचारलं, वरून कुठल्याही मार्गाने इशारा मिळाला होता का? मी म्हटलं, नाही. पाणी यायच्या आधी नव्हता, तेव्हा खोटं नाही बोललो. पत्र दाखवलं नाही. दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात तुझं नाव आलं असतं आणि तिसऱ्या दिवशी तू तुरुंगात. मी सांगितलं की दोन सोमवार खेळी आली नाही आणि मी समजलो की गडी रुसला. चौकशी अधिकाऱ्याने ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं, कारण टंकलेखकाला खरं वाटेना. मला कामावरून कमी केलंय. ते बरोबरच केलं. त्या दोन सोमवारांचा दोष माझा आहे, तो तू घेऊ नकोस.

काही दिवस मला पत्र लिहू नकोस.

ठोंब्या


१८ ऑगस्ट

ती. आत्या,

मी चिमी. बाबांना न सांगता लिहितेय. पत्ता तुझ्या जुन्या पाकिटावरून घेतला.

बाबा आता सिमेंटच्या गोदामात हिशेबाला जातात. घरी आले की खिडकीत बसतात. मी स्वयंपाक करते, बरा जमतो. आईसारखा नाही, पण बाबा काही बोलत नाहीत. त्यांनी बोलावं म्हणून एकदा मुद्दाम मीठ घातलं नाही, तरी जेवले.

शाळेत माझं भांडण झालं. माझ्या बाकावरच्या मुलीची मोठी बहीण दवाखान्यात होती, सतरातली एक. ती सगळ्यांसमोर म्हणाली, वरच्या लोकांना सगळं माहीत होतं आणि ते गप्प बसून राहिले, आणि तुझी आत्या पण त्यांच्यातलीच. मला राग आवरला नाही. मी तिचे केस धरले आणि थोबाडीत मारली. ओरडून सांगितलं की माझ्या आत्याने नोकरीवर पाणी सोडून त्याच दिवशी पत्र टाकलं होतं, टपालाने घात केला! बाई म्हणाल्या, माफी माग. मी मागितली नाही. चार दिवस मला वर्गाबाहेर उभं केलं, तरी नाही मागितली. बाबांना बोलावून घेतलं. बाबांनीही बाईंना हेच सांगितलं, की ताईने त्याच दिवशी टाकलं होतं. सांगताना त्यांचा आवाज कसातरीच झाला.

तुझं ते पत्र मी वाचलंय, पोस्टमनकडून मीच घेतलं होतं. पाकीट पाहायला मागितलं तर बाबा म्हणतात हरवलं. मला पाकीट हवं होतं. तारीख दाखवून त्या मुलीचं तोंड बंद केलं असतं.

तू बाबांना पत्र का लिहीत नाहीस? ते रोज पोस्टमन गेला की दारात जाऊन येतात.

तुझी चिमी


३० ऑगस्ट

चिमी, बाळा,

तुझं पत्र आज आलं, आजच उत्तर लिहिते आहे. आयुष्यभर मी मसुदे लिहिले. एखादी गोष्ट कानाला टोचू नये अशी कशी सांगायची, एवढंच माझं काम. आज तसं लिहिणार नाही. कोणी हे पत्र मधेच उघडलं तर उघडो.

ते पत्र मी चार एप्रिलला लिहिलं आणि पंधरा एप्रिलला टाकलं. टपालाने एका दिवसाचाही उशीर केला नाही. मधले अकरा दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात होतं, बंद केलेलं, तिकिटं लावलेलं.

चारला मी ते घेऊन कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेले होते. तिथून परत आले. मनाला समजावलं की चौदाची बैठक होऊ दे, माझे तीन शब्द मंत्री मान्य करतील, मग पत्राची गरजच उरणार नाही. हे कारण खरं आहे, आणि एरवी मी तेवढंच सांगितलं असतं. पण दुसरंही होतं. मी घाबरले होते. दीड वर्षाने निवृत्ती, राहायला सरकारी घर, आणि फाटकावरच्या शिपायाने माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. तो नुसता पाहत होता. तेवढ्याने मी मागे फिरले.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या बाबांनी मला विचारली नाही. त्यांना ती कळली असणार, म्हणूनच विचारली नाही. त्यांचं सत्तावीस मार्चचं पत्र मला आठ एप्रिलला मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझ्या हमीवर दवाखाना काठावरच राहिला, आईने दोर माळ्यावर टाकला, आणि ती म्हणाली ‘ताई खोटं कशाला सांगतील’, हे सगळं मी वाचलं. तुझा नकाशाही पाहिला. माझं पत्र त्याच टेबलाच्या खणात होतं. त्या दिवशी टाकलं असतं तर वीसला तुमच्या दारात आलं असतं. पाणी बावीसला आलं. मी खण उघडला, पत्र पाहिलं, खण लावला, आणि टिपणी पुन्हा एकदा लिहायला घेतली. मंत्र्यांना आवडावी म्हणून शब्द अजून मवाळ केले.

चौदाच्या बैठकीत माझ्या टिपणीला चार मिनिटं मिळाली. नाही म्हणाले. पंधराला मी पत्र टाकलं.

बाबांना पाकिटावरचा शिक्का मे महिन्यातच दिसला होता. त्यांनी मला तसं लिहिलं, आणि नंतर तुला, शाळेला, सगळ्यांना खोटं सांगितलं, आत्या तुझ्या मनातून उतरू नये म्हणून. त्यांचा आवाज कसातरी झाला तो त्यामुळे. त्यांच्यावर रागावू नकोस. पाकीट हरवलेलं नाही, पण मागू नकोस. मी त्यांना लिहीत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं होतं. ते दारात जाऊन येतात हे तुझ्याकडून कळलं. आता लिहीन. उत्तर द्यायचं की नाही, ते ठरवतील.

तू मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. आईबद्दल मी काही लिहीत नाही, तो अधिकार माझा राहिलेला नाही.

एक काम मात्र कर, आणि ते मोठ्यांनी सांगितलं म्हणून कर. तुझ्या बाकावरच्या मुलीचं बरोबर आहे. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो. तिची बहीण गेली आणि वर तुझा मार खाल्ला, तोही माझ्यासाठी. उद्या वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी माग.

आत्या